बेलिफ इंगोल्यांचा अर्धा कॉम्प्युटर

वाशीमच्या न्यायालयात नुकताच बदलून आलेला एक तरुण बेलिफ परवा माझ्या टेबलापाशी उभा राहून चहा पीत होता. चहावाल्याने त्याला हसून कप दिला, दोन शब्द थट्टेचे बोलला आणि किटली हलवत पुढे गेला. ते पाहताना माझ्या एकाएकी लक्षात आले, की उत्तमराव इंगोले यांना या आवारात कोणी हसून चहा दिल्याचे मला आठवत नाही. तेव्हापासून इंगोले मनातून हलत नाहीत. सबब हे लेखन.

मी अर्जनवीस आहे. मी येथे टेबल मांडले तेव्हा शेजारचा कडुनिंब माझ्या खांद्याला लागत होता. आज त्याची सावली तहसीलच्या फाटकापर्यंत जाते. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. तथापि माझ्या हातचा अर्ज वाचून मोठमोठ्या वकिलांनी ‘हा मसुदा कोणाचा’ अशी चौकशी केल्याचे प्रसंग अनेक आहेत. हे आत्मस्तुती म्हणून लिहीत नाही. माणूस पारखण्याची सवय असलेल्या माणसाने पुढील हकिगत पाहिली आहे, एवढे वाचकास ठाऊक असावे.

बेलिफ म्हणजे न्यायालयाचे समन्स घरोघरी नेऊन बजावणारा, घेणारा लपून बसला तर ते त्याच्या दारावर डकवणारा, आणि हुकूम झालाच तर पंचांसमक्ष घरातील सामान जप्त करणारा माणूस. इंगोल्यांनी हयातभर हेच काम केले. उंच बांधा, पुढे झुकलेले खांदे, पांढरा सदरा, काखेत कातडी बॅग. आवाज इतका बारीक, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावे लागे. आणि जे ऐकू येई ते बहुधा ऐकण्याजोगे नसे. त्यांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी थांबली, की दारे एकामागून एक लागत. बायका रडणाऱ्या लेकरांना ‘उगी राह्य, बेलिफ आला’ असे सांगत आणि लेकरे खरोखर उगी राहत.

घरात शिरल्यावर त्यांची नजर माणसांवर पडत नसे. ती कपाटावर, घड्याळावर, शिलाईयंत्रावर पडे. माझ्या धाकट्याच्या बारशाला मी त्यांना अगत्याने बोलावले होते. त्यांची स्कूटर वाजताच माझ्या पत्नीने नवा मिक्सर उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला. इंगोल्यांनी ते पाहिले. जेवून हात धुताना मला हळूच म्हणाले, “वहिनीले सांगा, सैपाकाचं सामान जप्तीत येत नाही.”

कायदा त्यांच्या अंगात मुरला होता. सूर्य मावळल्यावर बेलिफाने कोणाच्या घरात शिरू नये, असा नियम आहे. इंगोले तो पाहुणा म्हणून जातानाही पाळत. सोयऱ्यांकडे लग्नाला गेले तरी दिवेलागणीनंतर मांडवात बसत, उंबरा ओलांडत नसत. अंगावरचे कपडे, अंथरूण, भांडी आणि कारागिराची हत्यारे यांना जप्तीत हात लावता येत नाही, हेही ते कोणत्याही घरात गेल्यावर प्रथम मोठ्याने सांगत. एकदा मानोऱ्यास एका घरी वादीच्या माणसाने शिलाईयंत्र उचलले होते आणि घरची बाई ते धरून बसली होती.

“खाली ठेव,” इंगोले म्हणाले. “हत्यार हाय थे.”

“साहेब, पन घरात भारी वस्तू तेवढीच हाय.”

“म्हनूनच तं हत्यार हाय. टीव्ही घे.”

यंत्र वाचले, टीव्ही गेला. त्याच बाईने इंगोल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे कानावर आल्यावर मी विचारले, तुम्ही काही बोलला नाहीत? त्यांनी बॅग झटकली. “शिव्या जप्त करता येत नाही, अर्जनवीस. सोडून द्या लागतात.”

हे सर्व जुने. मला सांगायचे आहे ते त्यांच्या निवृत्तीनंतरचे.

इंगोल्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. ती शाळेत असतानाच आई वारली. मुलगी हुशार, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यास गेली आणि तेथे काही वर्षे राहिली. निकालाच्या यादीत नाव आले नाही. पुढच्या खेपेसही आले नाही. त्यानंतर ती फोनवर कमी बोलू लागली, मग फोन उचलीनाशी झाली. एके दिवशी तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीचा इंगोल्यांना फोन आला. ती सविस्तर काय बोलली, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. “काका, आज या, उद्या नका येऊ,” एवढे एक वाक्य सांगितले.

ते त्याच दिवशी निघाले आणि मुलीला घेऊन आले. आल्या आल्या सुताराला बोलावून तिच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढली. छताचा पंखा उतरवला आणि खिडकीत कूलर बसवला. औषधांचा डबा शेजारच्या घरी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसले आणि न्यायालयाच्या पायऱ्यांकडे पाहत म्हणाले, “लोकाच्या घरातून मी लय सामान काढलं. आपल्या घरातून काय काय काढा लागते, थे आता समजून राह्यलं.”

अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेणे सुरू झाले, गोळ्या सुरू झाल्या. मुलगी गोळ्या घेई, जेवण समोर ठेवले तर चार घास घेई. बोलत मात्र नसे. इंगोले रोज विचारत, काय पायजे? ती मान हलवी. असे पुष्कळ दिवस गेल्यावर एका दुपारी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “कॉम्प्युटर. गेम खेळाचा.”

पुण्यात नापास झाल्यानंतरच्या काळात ती एका गेमच्या दुकानात जाऊन बसत असे, असे पुढे कळले. इंगोल्यांना गेम म्हणजे काय याची यत्किंचितही कल्पना नव्हती. परंतु मुलीच्या तोंडून आलेले ते तीन शब्द त्यांनी वॉरंट हाती पडावे तसे घेतले आणि सरळ चौकातल्या अकीलच्या दुकानी गेले. अकील कॉम्प्युटर विकतो आणि दुरुस्तही करतो, स्वभावाने बोलका. इंगोल्यांना पाहताच त्याने सवयीने गल्ल्यावर हात ठेवला.

“सीपीयू पायजे,” इंगोले म्हणाले. “गेमचा.”

आपल्याकडे अख्ख्या पेटीला सीपीयू म्हणतात. अकीलने तेच समजून घेतले. “हाय ना साहेब. तयार हाय. संध्याकाळपर्यंत घरी आनून जोडून देतो.”

“आज नको.”

“मंग उद्या?”

“उद्या बी नको.”

अकीलला काही उमजेना. तो मला नंतर सांगत होता, “काका, असं गिऱ्हाईक म्या पाह्यलं नाही. लोक म्हनतात लवकर दे, हे म्हनतात उशिरा दे.” शेवटी त्याने कंटाळून सांगितले, की खरे गेम खेळणारे लोक तयार पेटी घेतच नाहीत, एकेक भाग निवडून मागवतात आणि जोडतात. त्याला फार दिवस लागतात. इंगोले स्टूल ओढून खाली बसले. “सांग,” म्हणाले. “पहिलं काय घ्या लागते?”

येथून निवड सुरू झाली. मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही, पण टाइपरायटरपासून संगणकापर्यंतची सर्व स्थित्यंतरे या टेबलावरून पाहिली आहेत. त्यामुळे इंगोले माझ्याशी सल्लामसलत करीत. त्यांची एक पद्धत होती. कोणताही भाग घ्यायचा झाला, की अकीलकडून दोन चित्रे मोबाईलवर घेत आणि दोन्ही घरी नेत. एक कधीही नेत नसत.

“काहून दोन?” मी विचारले.

“एक नेलं का मान हलवते. दोन नेले का बोला लागते.”

प्रोसेसर दोन नेले. मुलीने एकावर बोट ठेवले. इंगोले म्हणाले, माझा चष्मा सापडून नाही राह्यला, नाव वाचून दाखव. तिने वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी आवारात येताना त्यांची चाल वेगळी होती. पेटी निवडायची झाली तेव्हा काळी आणि पांढरी अशा दोन नेल्या. “काळी,” ती म्हणाली. काहून काळी, असे विचारल्यावर, आतले दिवे काळ्यात चांगले दिसतात, असे तिने पूर्ण वाक्यात उत्तर दिले. इंगोल्यांनी ते वाक्य मला जसेच्या तसे म्हणून दाखवले, न्यायालयाचा हुकूम वाचावा तसे. ते गहिवरले आहेत असे मला वाटले, आणि मी त्यांना बरे वाटावे म्हणून चहा मागवला. कप तसाच राहिला.

पेटी आली आणि मुलीच्या खोलीत गेली. एका बाजूला काच असलेली, आत काही नसलेली. इंगोल्यांना ती आवडली नाही. “रिकाम्या पेटीले काच कायले असते?” ते मला विचारत. “मी दार उघडतो तं ती त्या पेटीत पाहत बसेल राह्यते. आत काई नाही, तरी पाहते.” आणि मग: “पाहते, अन् विचारते, आता काय राह्यलं?”

हाच तो प्रश्न. मुलगी दररोज सकाळी दाराशी येई आणि विचारी, “बाबा, आता काय राह्यलं?” इंगोले सांगत, अमुक राहिले. ती पुन्हा आत जाई. त्या एका प्रश्नासाठी ते पहाटेपासून आंघोळ करून, सदरा घालून बसलेले असत.

पार्सले माझ्या पत्त्यावर येत. त्यांनीच तसे ठरवले होते; घरी कुरिअरवाला येऊन दार वाजवलेले त्यांना नको होते. अर्जनवीसाचे टेबल, कडुनिंबाखाली, हा पत्ता जिल्ह्यात कोणालाही सापडतो. असे करता करता मदरबोर्ड आला, म्हणजे ज्या मोठ्या पत्र्यावर बाकीचे सगळे भाग बसवतात तो. आणि तो चुकीचा निघाला. मुलीने निवडलेला प्रोसेसर त्यावर बसतच नव्हता, खाचच निराळी. परत पाठवणे, बदलून घेणे, यात बरेच दिवस गेले. मग रॅम आली, ती नव्या पिढीची. बोर्ड जुन्या पिढीचा. तीही परत. मग ग्राफिक कार्ड आले, ज्याच्या जोरावर गेमची चित्रे पळतात. ते पेटीपेक्षा लांब.

मला राहवले नाही. मी अकीलच्या दुकानी गेलो आणि त्याची कडक शब्दांत हजेरी घेतली, की म्हाताऱ्या माणसाला फसवण्यात कसला पुरुषार्थ आहे. अकीलने दोन्ही कान धरले.

“कसम से काका, म्या सांगतलं होतं. बोर्डाच्या टायमाले सांगतलं, साहेब हा बसत नाही. साहेब म्हने, हाच मागव. रॅमच्या टायमाले सांगतलं. साहेब म्हने, मालूम हाय, मागव. त्याहिले मुद्दामून उलटं पायजे काका. मी काय करू?”

मी परत आलो तेव्हा इंगोले माझ्या बाकावर बसलेले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि विचारले, की तुम्ही जाणूनबुजून चुकीचा माल का मागवता?

ते बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत बोलू लागले. जऊळक्याला एक शिंपी होता. भावाशी एका भिंतीवरून दावा. इंगोले त्याला वर्षानुवर्षे समन्स नेऊन देत. तारीख पडली, की तो माणूस आदल्या दिवशी दाढी करी, कपडे इस्त्री करी, सकाळच्या गाडीने वाशीमला येई, पुढची तारीख घेई आणि परत जाई. घरात दुःख पुष्कळ होते. बायको सोडून गेलेली, डोळ्यांनी कमी दिसे. तरी तारखेला हजर. मग एके वर्षी दाव्याचा निकाल लागला. निकाल त्याच्याच बाजूने लागला. नक्कल घेऊन इंगोले जऊळक्यास गेले, तर घर बंद होते, आणि लोक विहिरीकडे पळत होते.

“जिंकला होता तो,” इंगोले म्हणाले. “मी नक्कल हातात घेऊन उभा. कोनाले बजावू?”

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

“मले तवापासून वाटते, अर्जनवीस. ज्याची तारीख पडेल हाय, तो तारखेपर्यंत कुठं जात नाही. बोर्ड बसला नाही तं बसला नाही. उद्याची तारीख पडली ना.”

“आणि कॉम्प्युटर पूर्ण झाला म्हणजे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या टेबलाकडे, छत्रीकडे किंवा शाईच्या दौतीकडे नव्हे, माझ्याकडे. इतक्या वर्षांत प्रथमच. “थेच तं इचारू नका,” ते म्हणाले.

परंतु भाग संपत आले. कितीही बदलले तरी पेटीत मावणाऱ्या वस्तू मोजक्याच असतात. बोर्ड बसला, रॅम बसली, ग्राफिक कार्ड आखूड आले आणि बसले. ते सारे मुलीने स्वतःच बसवले. अकीलला खोलीत येऊ दिले नाही. आता फक्त पॉवर सप्लाय राहिला, म्हणजे सगळ्यांना वीज वाटून देणारा डबा. इंगोल्यांचा चेहरा त्या दिवसांत पाहवत नसे. खांदे अधिक झुकले. बोलता बोलता मध्येच थांबून ते घराच्या दिशेने कान देत, जणू तेथून काही ऐकू येणार होते.

पॉवर सप्लायचे पार्सल आले. मी ते टेबलाखाली ठेवले आणि इंगोल्यांना दाखवले. त्यांनी बुटाच्या टोकाने ते आणखी आत सरकवले.

“आलं नाही म्हना.”

“मी खोटे सांगणार नाही, इंगोले.”

“तुमाले कोन विचारते? मले विचारते ती. मी सांगतो, आलं नाही.”

ते रोज येत, खाली वाकून पार्सल पाहत आणि रिकाम्या हाताने घरी जात. मला त्या खोक्याचा धाक वाटू लागला. अर्ज लिहिताना माझा पाय त्याला लागे आणि वाक्य तुटे.

मग एका सकाळी, आवारात चांगलीच गर्दी असताना, माझ्यासमोर एक मुलगी येऊन उभी राहिली. पायात मोठ्या, पुरुषी चपला. चेहरा उन्हाची सवय गेलेला. मी तिला लहानपणी पाहिले होते. तरी ओळखायला क्षण लागला.

“काका,” ती म्हणाली, “आमचं पार्सल तुमच्यापाशी हाय काय? अकीलभाईनं माहा नंबर टाकला होता, मेसेज आला, पोचतं झालं म्हनून. कवाचाच आला.”

इंगोले बाकावरच होते. मी त्यांच्याकडे पाहिले. ज्या माणसाने शेकडो दारांवर उभे राहून शिव्या, दगड, रडणे सारे ऐकून घेतले आणि पापणी हलवली नाही, तो माणूस उठता उठता अडखळला.

“बाबा, आलं होतं तं सांगतलं काहून नाही?”

इंगोले तिच्या पायातल्या चपलांकडे पाहू लागले.

“बोर्ड बी तुमी मुद्दामून उलटा आनला.”

“हो.”

“काहून?”

“तू विचारत होती म्हनून.”

“काय विचारत होती?”

“आता काय राह्यलं, असं.”

भोवताली पक्षकार, वकील, झेरॉक्सवाला, सगळ्यांचे चालले होते. ती मुलगी मात्र जागेवरून हलली नाही. मग खालच्या आवाजात, अगदी बापासारख्या, म्हणाली, “मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं, बोर्ड बसत नाही म्हनून. पेटी उघडली का समजते ना बाबा.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुमी सकाळी उठून आंघोळ करून अकीलभाईकडे जात होते. मी आली तवा तुमी आंघोळ बी करत नव्हते.”

इंगोल्यांनी तोंड फिरवले. मी टेबलाखालून पार्सल काढले आणि दोघांच्या मध्ये ठेवले. कोणाच्या हातात द्यावे, हे मला ठरवता आले नाही. तिने उचलले. बाप तिच्या मागे मागे चालत फाटकाबाहेर गेला. मला वाटले, आता सगळे नीट झाले. हा माझा गैरसमज होता.

कॉम्प्युटर सुरू झाला. पेटीतले दिवे लाल, निळे, जांभळे फिरत. मुलगी कानाला हेडफोन लावून दिवसचे दिवस त्यासमोर बसे आणि कुठल्या कुठल्या गावच्या लोकांशी मिळून खेळे. इंगोल्यांनी दाराबाहेर खुर्ची टाकली. तिला बोलताना ऐकायचे, एवढेच त्यांचे काम. मीही एकदा दुपारी त्यांच्यापाशी बसलो होतो. आतून तिचा आवाज येत होता: मागून येऊन राह्यला, मागून पाह्य, भिंतीच्या आड हो. आणि मग स्पष्ट: “थांबा, मी मेली.”

इंगोले खुर्चीवरून उठले कसे, दारावर खांदा घातला कसा, मला कळले नाही. कडी नव्हतीच, दार भिंतीवर आपटले आणि ते आत गुडघ्यांवर पडले. मुलगी हेडफोन काढून पाहत राहिली. पडद्यावर एक शिपाई आडवा पडला होता आणि त्यावर आकडे उलटे मोजले जात होते.

“बाबा, गेममधी. गेममधी मेली मी. आता परत येतेच.”

“थो शब्द नको बोलू,” इंगोले जमिनीवरूनच म्हणाले.

“सगळेच बोलतात बाबा.”

“तू नको बोलू.”

त्यानंतर ती ‘आउट झाली’ म्हणू लागली. पण सवयीने कधी तो शब्द येईच, आणि खुर्चीवर बसलेला माणूस दचके. मला त्यांनी विचारले होते, “अर्जनवीस, ही इतक्यांदा मरते अन् परत येते. ह्यानं भीती मोडते, का सवय लागते?” मी अनेक विषयांवर मत देऊ शकतो. यावर दिले नाही.

पुढे तिच्याच त्या खेळातल्या ओळखीतून बातमी आली. पुण्यात एक बाई असे कॉम्प्युटर जोडून विकण्याचे दुकान चालवते. तिला हाताखाली माणूस हवे. प्रज्ञाने जोडलेल्या पेटीचे फोटो तिने पाहिले होते. तारांची बांधणी तिला आवडली. प्रज्ञाने होकार कळवला आणि मग बापाला सांगितले.

पुणे. ज्या गावातून तिला उचलून आणले तेच गाव. इंगोले माझ्याकडे आले आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाले, “सज्ञान हाय ती, अडवता येत नाही. कायदा मले मालूम हाय. दुसरं काई असंन तं सांगा.” मी म्हटले, तुम्ही सोबत जा. ते त्यांनी आधीच विचारले होते. ती म्हणाली होती, “तुमी आले तं मी आजारी म्हनून जाईन. मले कामाले जायचं हाय.” डॉक्टरांनीही जाऊ द्या म्हणून सांगितले; गोळ्या चालू ठेवायच्या, फोनवर बोलत राहायचे. एवढे ठरले, की वाटेत बस थांबेल त्या प्रत्येक गावाहून ती फोन करील, आणि इंगोले आपण होऊन फोन करणार नाहीत. ही अट तिची. निघण्याआधी तिने कॉम्प्युटरवर पांढरी चादर टाकली. ती घराबाहेर पडताच इंगोल्यांनी ती ओढून काढली आणि फुलाफुलांची टाकली, असे त्यांनीच मला बसस्थानकावर सांगितले.

बस सकाळची होती. मी त्या दिवशी टेबल मांडले नाही. असे माझ्याकडून सहसा घडत नाही. मुलगी खिडकीशी बसली, तिने हात हलवला, बस वळली आणि अकोला नाक्याकडे दिसेनाशी झाली. मला वाटले, आता घरी जायचे. इंगोले फलाटाच्या बाकावर बसले. मोबाईल दोन्ही हातांत.

मालेगावहून फोन आला. “बोल. हो. बरं,” एवढेच. मेहकरहून आला. तेव्हा त्यांनी खांदे जरा सैल सोडले आणि मला पानाचे विचारले. त्यानंतर सिंदखेडराजाचा यायचा होता.

तो आला नाही. वेळ पुष्कळ झाली. एक बस लागली, सुटली, दुसरी लागली. मी म्हटले, मध्ये रेंज नसते. मी म्हटले, बस तिथे थांबलीच नसेल. मी म्हटले, झोप लागली असेल. शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते. इंगोल्यांचा अंगठा पडद्याच्या वर, न टेकता, तसाच राहिला. अट त्यांनी मोडली नाही. उन्हाची तिरीप बाकावरून सरकत त्यांच्या गुडघ्यावर आली, आणि ते तसेच बसून राहिले, स्वतःच्याच दारात बेलिफाचा हुकूम ऐकणाऱ्या माणसासारखे. झाडणारी बाई आली, तिने पाय वर घ्या म्हटले, त्यांनी घेतले आणि खाली ठेवायचे विसरले.

मग फोन वाजला. ते उठून उभे राहिले.

“बोल.” आणि बराच वेळ ऐकणे. “टायर? … रेंज बी नव्हती? … बरं. … जालन्यात हाय? … खाल्लं काई? … नाही, मी कायले घाबरतो. मी तं घरीच हाय.”

त्यांनी मोबाईलवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळले. चेहरा घामाने डबडबलेला. “अर्जनवीस,” त्यांनी विचारले, “जालन्याच्या पुढं कोनतं गाव लागते?”